ई४६ बीएमडब्ल्यूचा स्टीअरिंग पंप बदलण्याआधी

ई४६ म्हणजे बीएमडब्ल्यूची जुनी ३ सिरीज. तिचं स्टीअरिंग वळवताना घुंईं आवाज येतो म्हणजे स्टीअरिंगला ऑइलचा दाब देणारा पंप गेलाच असं धरू नका. आधी स्टीअरिंग ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून बघा. ऑइलला फेस असेल तर हवा कुठून तरी आत शिरतेय, आणि बहुतेक वेळा दोष टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या रबरी नळीचा किंवा तिच्या क्लिपचा असतो. क्लिप दोन-तीनशेची, पंप कितीचा ते विचारूच नका!

ऑइल चकाकतंय, त्यात धातूचा चुरा दिसतोय, तर मात्र पंप संपला. मग टाकीही नवीनच घ्या. गाळणी तिच्या आतच असते, वेगळी निघत नाही, आणि जुना चुरा नव्या पंपाला खाऊन टाकतो. परतीच्या नळीतून, म्हणजे ऑइल टाकीत परत आणणाऱ्या नळीतून, जुनं ऑइल पूर्ण बाहेर काढा. त्यासाठी २ लिटर नवीन ऑइल हाताशी ठेवा. कोणतं ऑइल ते झाकणावर लिहिलेलं असतं, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) किंवा सीएचएफ (खास हायड्रॉलिक ऑइल). दोन्ही मिसळायची नाहीत.

पंपाच्या पुलीचे बोल्ट पट्टा चढलेला असतानाच सैल करा, नंतर पुली नुसती फिरत राहते. जास्त दाबाच्या नळीच्या बोल्टला दोन्ही वॉशर नवीन हवेत.

ऑइल भरलं की लगेच इंजिन सुरू करू नका. पुढची चाकं जॅकस्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवा, पातळी उतरली की भरत राहा. बुडबुडे थांबले की मगच चावी. टोकाला स्टीअरिंग दाबून धरू नका.