२५० वॉटची सायकल चढावर ५०० वॉट कशी खाते? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : माझ्या ई-सायकलच्या मोटरवर २५० वॉट असं कोरलेलं आहे. पण चढावर डिस्प्लेवर ५०० च्या वर आकडा जातो. मग कोरलेला आकडा खोटा की सायकल बेकायदा?

उत्तर : बहुतेक वेळा दोन्हीही नाही. कायदा मोजतो ती मोटरची सततची शक्ती, म्हणजे प्रमाणाबाहेर न तापता ती दमादमाने देत राहील तेवढी. भारताच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत (१९८९) तर ‘३० मिनिटांची शक्ती’ असाच शब्द आहे. क्षणभर ती किती जोर लावते हा वेगळा हिशेब. शिवाय डिस्प्लेवर दिसते ती बॅटरीतून निघालेली वीज. त्यातला पाचवा हिस्सा किंवा कधी त्याहून जास्त उष्णतेत जातो, उरलेली चाकापर्यंत पोचते.

कंट्रोलरच्या, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती वीज जाईल ते ठरवणाऱ्या डबीवरचं लेबल वाचा. ‘३६ व्होल्ट, १५ अँपिअर’ असेल तर गुणाकार ५४० वॉट. तुम्हाला दिसतो तो हाच आकडा. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो धरा. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी २५ किमीला साधारण १७५ वॉट पुरतात. तेच वजन ८ टक्के चढावर ताशी १५ नं न्यायचं तर ३८० च्या आसपास लागतात. पायांनी १०० ते १५० दिले तर उरलेल्या ओझ्याला २५० ची मोटर पुरते. म्हणून कायद्यातली २५० वॉटची मर्यादा वाटते तितकी कंजूष नाही.

उलटा प्रकारही चालतो: १००० वॉटची मोटर आणि वर २५० चं स्टिकर. त्यामुळे वॉटच्या आकड्यावर आमचा फारसा भरवसा नाही. कंट्रोलरचे अँपिअर आणि मोटर कोणत्या वेगाला हात आखडता घेते, या दोन गोष्टी खरं सांगतात.

प्रश्न : थ्रॉटल (पेडल न मारता हातानं मोटर चालवायची सोय) असलेली सायकल कायद्याला चालते की नाही? एक जण हो म्हणतो, दुसरा नाही.

उत्तर : दोघंही बरोबर असतील, वेगवेगळ्या देशांबद्दल बोलत असतील तर. युरोपीय संघात सायकल म्हणून सुटायचं तर मोटर २५० वॉटपर्यंतची हवी, मदत फक्त पेडल मारताना मिळायला हवी आणि ती कमी होत होत ताशी २५ ला बंद व्हायला हवी. सायकल हातानं ढकलत नेताना ताशी ६ किमीपर्यंत मोटरचा आधार घेता येतो, तेवढीच सवलत.

अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या संघीय कायद्यात ७५० वॉटच्या आतली मोटर असलेली ई-सायकल ‘सायकल’ धरली जाते. रस्त्यावरचे नियम मात्र राज्यांचे. अनेक राज्यांत तीन वर्ग आहेत: पहिला पेडलसोबत ताशी २० मैल, दुसरा थ्रॉटलनं ताशी २० मैल, तिसरा पेडलसोबत ताशी २८ मैल. म्हणजे तिथे थ्रॉटलला जागा आहे.

भारतात पाव किलोवॉटच्या आतली, ताशी २५ च्या आतली आणि बॅटरी वगळून ६० किलोपर्यंतची दुचाकी मोटार वाहन धरली जात नाही, मग ती थ्रॉटलवर चालणारी असली तरी. ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक हवेतच. शिवाय त्या मॉडेलची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी झालेली असली पाहिजे. ही अट घाईत विसरली जाते. घरी किट बसवलेल्या सायकलला तो कागद नसतो.

प्रश्न : ३६ व्होल्टच्या सायकलला ४८ ची बॅटरी लावली तर वेग वाढतो म्हणतात. करावं का?

उत्तर : हब मोटरचा, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसवलेल्या मोटरचा वेग व्होल्टच्या प्रमाणात चढतो, म्हणून कागदावर २५ चे ३३ होतात. पण वेगाची मर्यादा कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये असेल तर काहीच वाढत नाही, खर्च तेवढा होतो.

बिघाड कुठे होतो तेही पाहा. पूर्ण चार्ज झालेला ३६ चा पॅक ४२ व्होल्ट देतो, ४८ चा ५४.६. ३६ च्या अनेक कंट्रोलरमध्ये कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) ५० व्होल्टपर्यंतच सोसणारे असतात. जोडणी करताक्षणी ठिणगी, मग फुगलेला कपॅसिटर आणि जळका वास. मोठा कंट्रोलर घातला तर १५ अँपिअरलाच ७२० वॉट होतात. अँपिअरही वाढवलेत तर मोटरच्या वायरी आणि कनेक्टर तापतात, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. गिअर असलेल्या हबमध्ये नायलॉनचे दाते झिजतात. टॉर्क आर्म (एक्सलला फिरू न देणारी धातूची पट्टी) नसेल तर एक्सल फ्रेमच्या खाचेत फिरतो, बाहेर येणारी वायर पिळवटते आणि चाक सुटूही शकतं. ब्रेक मात्र तेच राहतात. ३३ च्या वेगाला थांबायला २५ च्या मानानं पाऊणपट जास्त अंतर लागतं, आणि त्यात प्रतिक्रियेचा वेळ धरलेलाच नाही.

कायद्याच्या नजरेत ही आता सायकल नाही. नोंदणी, विमा, परवाना, सगळं लागू. ‘मग नंबर घेऊन टाकतो’ हेही सोपं नाही, कारण नोंदणी मंजूर मॉडेलची होते आणि तुमचं जुगाड कुठल्याच मंजुरीत बसत नाही. अपघात झाला तर पहिला प्रश्न इथूनच निघतो. वेग हवाच असेल तर आधीपासून त्या वर्गात मंजूर झालेलं वाहन घ्या. युरोपात ताशी ४५ किमीच्या ई-सायकली याच कारणानं मोपेडच्या गटात आहेत.

प्रश्न : उतारावर माझा वेग ३८ जातो. दंड होईल?

उत्तर : पेडल असिस्ट (पेडल मारतानाच मोटरची मदत देणाऱ्या) सायकलवर मर्यादा मोटरच्या मदतीला असते, तुमच्या पायांना किंवा उताराला नाही. रस्त्याची वेगमर्यादा तेवढी पाळा.

प्रश्न : टायर बदलल्यापासून मोटर २७ ला थांबते. सेन्सर बिघडला का?

उत्तर : बहुधा नाही. सेन्सर चाकाचे फेरे मोजतो आणि ते डिस्प्लेत भरलेल्या घेरानं गुणले जातात. आकडा २६ इंची चाकाचा, म्हणजे २.०७ मीटर असेल आणि खरा घेर २.२८ असेल, तर स्क्रीनवर २५ दिसताना तुम्ही २७.५ नं पळत असता. म्हणजे नकळत मर्यादेच्या बाहेर.

घेर असा काढा: नेहमीइतकी हवा भरा, व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खडूनं खूण करा, सायकलवर बसून (कुणीतरी धरायला हवं) सरळ एक फेरा पुढे जा, दुसरी खूण करा आणि अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. तो आकडा सेटिंगमध्ये टाका. काही डिस्प्लेत फक्त इंचाचे पर्याय असतात. तिथे सर्वांत जवळचा मोठा पर्याय निवडा म्हणजे मदत थोडी आधी थांबेल, उशिरा नाही.

आरीवर चुंबक असेल तर तोही पाहून घ्या. टायर काढताना तो सरकतो. सेन्सरपासून सेंटिमीटरभराच्या आत आणि त्यावरच्या खुणेसमोर असावा. लांब गेला की स्क्रीनवर वेग शून्य दिसतो, एरर येतो आणि मोटर गप्प बसते.