चिऱ्याच्या खाणीची पाहणी

प्रश्न : आमच्या शेतालगतची जांभ्या चिऱ्यांची छोटी खाण आता बंद झाली असून जमीन पूर्ववत केल्याचे मालक सांगतात. पाहणीला अधिकारी येणार आहेत. आम्ही काय पाहावे? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या दीपक कुमार प्रकरणातील आदेशानंतर पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरली, तर 2020 मध्ये त्याच न्यायालयाने खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत रुजवण्याची अट घालण्यास सांगितले. म्हणून प्रथम मंजुरीपत्र आणि खाण बंद करण्याचा आराखडा मागवून घ्या. पाहणी त्यांतील अटींशी ताडूनच व्हायला हवी.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, माती मुळातच वीतभर असते, त्यामुळे खोदकामापूर्वी ती वेगळी काढून जपली होती का, हाच माझ्या मते कळीचा प्रश्न आहे. गवताखाली हाताने उकरून पाहा : चिरे कापताना पडलेली लाल भुकटी आणि तुकडेच लागले, तर ते गवत उन्हाळ्यात टिकणार नाही. फोटोपुरत्या लावलेल्या रोपांच्या संख्येवर समाधान मानू नका. खाणीच्या उभ्या कापलेल्या भिंतींना कुंपण आहे का, भुकटी वाहून तुमच्या भातखाचरांत येते का, हेही पाहा. शक्य असल्यास पावसाळ्यानंतर पुन्हा पाहणी करण्याची लेखी मागणी जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे करा आणि पोच घ्या.