दुसऱ्यांदा जा, मग सांग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र काल रात्री वाचलं, सकाळी पुन्हा वाचलं. ऑफिसातल्या सहा जणांना तू एका हॉटेलचं नाव सुचवलंस. ते गेले, पाऊण तास ताटकळले, रस्सा कोमट आला, एकाचं पोट बिघडलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे तुझ्यावर घसरले. म्हणून तू कानाला खडा लावलास की यापुढे कुणालाही जागा सुचवायची नाही. आणि त्याच तिरीमिरीत हेही ठरवलंस की खोलीवर काय रांधतोस तेसुद्धा कुणाला सांगायचं नाही, कारण तुझ्या भाताचा लगदा होतो आणि इतरांच्या ताटांचे फोटो बघून तुला लाज वाटते.

एवढ्या मोठ्या शहरात धड जेवायला कुठे मिळतं, हे आधी आलेल्याने मागून येणाऱ्याला सांगायचं असतं. तुलाही कुणीतरी सांगितलंच होतं. त्यामुळे तुझं गप्प बसणं मला मुळीच मान्य नाही. पण भांडण्याआधी एक विचारते. त्या हॉटेलात तू स्वतः किती वेळा जेवला होतास? चार पानी पत्रात हे कुठेच नाही. एकदाच ना?

मग तू त्यांना फक्त तुझी एक संध्याकाळ सांगितलीस. त्या दिवशी तुला कडकडून भूक लागली होती, सोबत आवडती माणसं होती, आत चुलीपाशी कुणी जाणता हात असेल. यातलं त्या सहा जणांच्या वाट्याला काय येणार होतं? दुसऱ्यांदा जायचं, मग सांगायचं. वेगळ्या वारी, वेगळ्या वेळी, शक्यतो एकट्याने. मला तुला सांगायचं आहे ते एवढंच, आणि या पत्रात मी ते पुनःपुन्हा सांगणार आहे.

ही काही माझी एकटीची खोड नाही. क्रेग क्लेबोर्न १९५७ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये खाद्यविभागाचे संपादक झाले. उपाहारगृहावर लिहायचं तर नाव न सांगता जायचं, एकाहून जास्त वेळा जायचं आणि बिल वर्तमानपत्राने भरायचं, ही शिस्त त्यांनी रुजवली. त्याच वर्तमानपत्रात १९९३ साली रूथ रायशल यांनी ल सर्क या बड्या उपाहारगृहावर लिहिलं. वेष बदलून, अनोळखी बाई म्हणून गेल्या तेव्हा त्यांना ताटकळत ठेवलं, नको तिथे बसवलं. नंतर तिथल्या लोकांनी त्यांना ओळखलं तेव्हा टेबल ताबडतोब मिळालं आणि ताटातल्या रास्पबेरीसुद्धा मोठ्या झाल्या. जागा तीच, जेवणारी बाई तीच. त्यांनी दोन्ही अनुभव शेजारी शेजारी छापले आणि त्या उपाहारगृहाच्या मानांकनातला एक तारा उतरवला. यातल्या एकाच जेवणावर लिहिलं असतं, तर ते कुठल्या जेवणावर लिहिलं असतं, याचा विचार कर.

आता माझं सांगते. याच कारणाने तुझं पत्र वाचून मला झोप लागली नाही.

तुझ्याएवढी असताना मी एका जागी जेवले आणि हरखून गेले. मालक स्वतः टेबलापाशी येऊन बसले होते, एक पदार्थ त्यांनी आपणहून वाढला होता. आठवड्याच्या आत मी ती जागा एका सहकाऱ्याला सुचवली. त्याचे आईवडील पहिल्यांदाच शहरात आले होते. शनिवारची रात्र होती. वर जायला उभा, अरुंद जिना, तो मला आठवलाही नाही कारण माझे गुडघे तेव्हा धड होते. वर मोठ्याने संगीत चालू होतं. त्याच्या वडिलांना कमी ऐकू यायचं. ते अख्खं जेवण मान खाली घालून जेवले, कुणाशी एक शब्दही बोलले नाहीत. सहकारी मला एका शब्दाने बोलला नाही. मीच खोदून खोदून विचारलं, तेव्हा हे कळलं. शनिवारी एकदा जाऊन आले असते तर गोंगाट कळला असता, जिनाही दिसला असता. नुसती गैरसोय झाली असंही नाही. कल्लोळात जेवणाऱ्याला खारट आणि गोड कमी जाणवतं, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. म्हणजे मी वाखाणलेली चव त्या म्हाताऱ्या माणसाला तिथे मिळालीही नसेल.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. एका छोट्या खाणावळीत मला एकदा अळणी, शिळंपाकं जेवण मिळालं. मी चिडले. तेव्हा लोक मला विचारून जेवायला जात आणि मला त्याचा अभिमान होता. दोन-तीन महिने, जो विचारील त्याला मी त्या जागेचं नाव घेऊन "तिथे जाऊ नका" म्हणत राहिले. वर्षभराने पावसात अडकले म्हणून नाइलाजाने तिथे शिरले आणि इतकं साधं, नेटकं जेवले की ताटावरून उठवेना. पुढच्या खेपेला गेले तर दाराला कुलूप होतं. माझ्या बोलण्याने ती खाणावळ बंद पडली असं मी म्हणत नाही. भाडं वाढलं असेल, चालवणारा थकला असेल. आणि पहिल्या दिवशीचं जेवण वाईट होतं, हेही खरंच होतं, मी खोटं बोलले नव्हते. पण दुसऱ्यांदा जाण्याआधी मला बोलायचं कारण काय होतं? याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आपल्या शब्दाला वजन नाही असं समजू नकोस. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लूका यांनी २०११ साली सिएटलच्या उपाहारगृहांचा अभ्यास मांडला. ग्राहकांनी दिलेल्या मानांकनात एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं असं त्यांना दिसलं, आणि हा परिणाम साखळी हॉटेलांवर नव्हता, स्वतंत्र जागांवर होता. म्हणजे नाव जिथे आधीच सगळ्यांना माहीत आहे तिथे तुझ्यामाझ्या बोलण्याने काही हलत नाही. हलतं ते नवराबायको मिळून चालवतात अशा सहा टेबलांच्या जागेत.

आणि तुझ्या त्या मित्राचं पोट. त्याने आदल्या रात्रीच्या जेवणावर खापर फोडलं आणि तू मान्य करून मोकळा झालास. अन्नातून होणारी बाधा काही वेळा तासाभरात दिसते, काही वेळा दिवसांनी. साल्मोनेला नावाचा जिवाणू सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही डोकं वर काढतो. आठवडाभरातल्या कुठल्या जेवणाने त्याला त्रास झाला हे त्यालाही ठाऊक नाही. तिथे जेवलेले बाकीचे पाच जण ठणठणीत होते, हे तू स्वतःच लिहिलं आहेस. त्यामुळे पोट बिघडलं म्हणून त्या हॉटेलचं नाव टाकू नकोस. रस्सा कोमट होता आणि पाऊण तास लागला, एवढंच धर. आणि तेही पुन्हा जाऊन ताडून बघ.

तू म्हणशील, काकू, प्रत्येक जागी दोनदा जायचं तर वेळ कुठून आणू, पैसे कुठून आणू? मग थोड्या जागा सांग. एवढ्या वर्षांत मी ठामपणे सुचवते अशा जागा अकरा आहेत, आणि त्यातली प्रत्येक मी निदान चार वेळा पारखलेली आहे. यापायी मी माणसं दुखावली आहेत. बहिणीने लग्नाच्या वाढदिवसासाठी घाईत जागा विचारली होती. माझ्या मनात एक होती, पण तिथे मी एकदाच गेले होते, म्हणून नाव सांगितलं नाही. ती दोन महिने बोलली नाही. "तुला हॉटेलचं नावसुद्धा देववत नाही" असं म्हणाली. मी आजही तसंच वागेन. फार तर एवढं कबूल करते की "मी एकदाच गेले आहे, पुढचं तू बघ" असं स्पष्ट सांगून नाव देता आलं असतं. तुला ही सवलत देते. पण "एकदाच" हा शब्द गिळायचा नाही, तो आधी उच्चारायचा.

आणि नाव सांगण्याआधी विचारणाऱ्याला विचार: सोबत कोण आहे, काय चालत नाही, काय खाल्लं की अंगावर उठतं, किती चालवतं. हे न विचारता नाव फेकणारे लोक मला आवडत नाहीत. यावर यापेक्षा जास्त लिहीत नाही, तुला कळतं.

आता भाताकडे. खरं तर मला इथूनच सुरुवात करायची होती.

तू लिहिलंस की रविवारी तीन दिवसांचा भात एकदम लावतोस, तांदूळ तिप्पट आणि पाणीही तिप्पट. तिथेच ग्यानबाची मेख आहे. तांदूळ साधारण आपल्या मापाइतकंच पाणी पितो. वरचं जे पाणी आपण घालतो ते वाफेवर जाण्यासाठी असतं, आणि किती वाफ जाईल हे पातेल्याच्या तोंडावर, झाकणावर आणि आचेवर ठरतं. तांदूळ तिप्पट झाले म्हणून वाफ तिप्पट जात नाही. उरलेलं पाणी भातात राहतं आणि लगदा होतो. शिवाय काही तांदूळ जातीनेच चिकट असतात, त्यात तुझा दोष नाही. पुढच्या वेळी तोच तांदूळ, तेच पातेलं घे, पाणी वाटीभर कमी घाल आणि लिहून ठेव. मग आणखी एकदा लाव. इथेही तेच, बाळा: एकदा बिघडला म्हणून "मला भात जमत नाही" म्हणू नकोस आणि एकदा साधला म्हणून कृती वाटत सुटू नकोस.

आणि तीन दिवसांचा भात ठेवणं बंद कर, आजपासून. तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि त्यातलं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात पसरट ताटात पसरून तासाभरात थंड कर, फ्रिजमध्ये ठेव, दुसऱ्या दिवसापर्यंत संपव. मित्राचं पोट कशाने बिघडलं याची चिकित्सा करणाऱ्याने आधी आपलं पातेलं बघावं. रागावू नकोस, पण हे वाचून माझ्या अंगावर काटा आला.

लगदा झालेल्या भाताबद्दल लोकांना सांगच. तो का झाला हे सांग. खोलीवर एकट्यासाठी रांधणाऱ्याला सुंदर फोटोपेक्षा याची गरज जास्त आहे. हे मला फार उशिरा कळलं. शेजारी राहायला आलेल्या एका मुलीला मी रश्श्याची कृती लिहून दिली होती. त्यात लिहिलं होतं, "कांदा दहा मिनिटं परतून तांबूस करा." दहा मिनिटं हा आकडा मी घड्याळ बघून लिहिला नव्हता. सगळे तसंच लिहितात म्हणून लिहिला. कांद्याच्या वजनात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. ते उडून जात नाही तोवर कढईतली उष्णता शंभर अंशांच्या फारशी वर जात नाही, आणि खरा तांबूसपणा, खमंगपणा यायला त्याच्या बरंच वर, एकशेचाळीस अंशांच्या आसपास जावं लागतं. तिने दहा मिनिटं वाट पाहिली, कांदा पांढराच. तिने आच वाढवली, कडा करपल्या, मधला भाग कच्चा राहिला. तिसऱ्यांदा असंच झाल्यावर ती मला म्हणाली, "काकू, माझ्या हातालाच चव नाही." मग मी घरी येऊन माझ्या कढईशी घड्याळ घेऊन उभी राहिले. बेचाळीस मिनिटं लागली. मी ते तिला सांगायला गेले तोवर त्यांनी घर बदललं होतं.

त्या मुलीच्या हाताला काही झालेलं नव्हतं. मीच स्वतः न पारखलेला आकडा तिच्या हातात दिला होता. तेव्हापासून कुठलीही कृती मी तीनदा करून, वेळ मोजून, वजन लिहून मगच देते. वजन अशासाठी, की ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलिलिटरचा असतो आणि बाकी बहुतेक ठिकाणी १५ चा, आणि जाड मीठ एक चमचा घेतलं तर बारीक मिठापेक्षा वजनाने कमी भरतं. लोक याला माझा हट्ट म्हणतात. म्हणू देत. त्यांनी त्या मुलीचा चेहरा पाहिलेला नाही.

तर आता गप्प बसायचं खूळ सोड. या आठवड्यात त्या हॉटेलात पुन्हा जा, एकटा, गर्दीच्या वेळी. मागच्या वेळी खाल्लेलाच पदार्थ माग. बाजूच्या टेबलांवर किती वेळाने ताटं येतात ते बघ. चांगलं निघालं तर त्या सहा जणांना तसं सांग, वाईट निघालं तर तेही सांग, आणि दोन्ही वेळा कधी गेला होतास तेही सांग.

माझ्या घरापासून दहा मिनिटांवर एक नवी जागा उघडली आहे. मागच्या शनिवारी मी तिथे जेवले. कशी आहे ते आत्ता विचारू नकोस. येत्या मंगळवारी सातला पुन्हा जाणार आहे. येतोस का ते कळव, आणि येणार असशील तर दुपारी कमी खा.

तुझी,
काकू