कानामागचं हाड पोखरलंय. थेंबांनी भागेल का?

प्रश्न : माझ्या भावाचा (वय ३४) उजवा कान लहानपणापासून वाहतो. पू थोडाच, पण वास फार घाण. थेंब घातले की महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. सीटी स्कॅन बघून डॉक्टर म्हणतात, कोलेस्टिटोमा आहे, कानामागचं हाड पोखरलंय, ऑपरेशन करा. थेंबांनी भागणार नाही का? ऑपरेशनने तोंड वाकडं होतं, हे खरं का? ऐकू नीट येईल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : थेंबांनी भागणार नाही. कोलेस्टिटोमात पडद्याचा वरचा भाग आत ओढला जाऊन खळगा पडतो. त्यात कातडीचे मेलेले पापुद्रे साचतात आणि वाढती पिशवी आजूबाजूचं हाड खात जाते. हा कॅन्सर नव्हे, पण आपोआप थांबतही नाही. थेंबांनी पू आटतो, पिशवी तशीच राहते.

मॅस्टॉइडेक्टॉमीत, म्हणजे कानामागच्या हाडाच्या या ऑपरेशनमध्ये, बहुधा पूर्ण भूल देतात. कानामागे चीर घेऊन, मायक्रोस्कोपखाली बारीक ड्रिलने हाड कोरत पिशवी मुळासकट काढतात. खरा प्रश्न असतो तो कानाच्या नळीची मागची भिंत ठेवायची की काढायची. ठेवली तर कानाची रचना जवळपास पूर्वीसारखी राहते. पण रोगाचा कण आत राहू शकतो, म्हणून साधारण ९ ते १२ महिन्यांनी पुन्हा उघडून किंवा विशिष्ट एमआरआय करून बघावं लागतं. काढली तर रोग उलटण्याची शक्यता कमी. मात्र मोठी पोकळी उरते. ती दर ६ ते १२ महिन्यांनी साफ करून घ्यावी लागते, आणि गार पाणी शिरलं की गरगरतं. विहिरीत पोहायची सवय असेल किंवा वारंवार तपासणीला येणं जमणार नसेल, तर डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगा. निर्णय त्यावरही ठरतो.

चेहऱ्याची नस याच हाडातून जाते, म्हणून धोका आहे. अनुभवी सर्जनच्या हाती तो बराच कमी असतो. उलट, रोग वाढू दिला तर तोच नसेवरचं हाड खातो आणि ऑपरेशन न करताही तोंड वाकडं होतं. चवीची बारीक नस पडद्याजवळून जाते. ती दुखावली तर जिभेच्या एका बाजूला काही महिने चव बदललेली लागते.

ऐकण्याबद्दल मोठी आशा देत नाही. पहिला हेतू कान कोरडा आणि सुरक्षित करण्याचा. आतल्या तीन हाडांपैकी ऐरण बहुधा आधी झिजते. त्या जागी कृत्रिम हाड त्याच वेळी किंवा नंतर बसवता येतं. काही वेळा ऐकणं आहे त्याहून कमीही होतं.

टाके साधारण आठवड्याने निघतात, आतलं पॅकिंग एक ते तीन आठवड्यांनी. तोवर नाक जोरात शिंकरू नये. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवावा. कानात तेल आता नको आणि नंतरही नको.

ऑपरेशनची तारीख लांब असली, तरी तापासोबत तीव्र डोकेदुखी, उलट्या, गरगरणं, कानामागे सूज किंवा तोंड वाकडं होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. संसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकतो.