रबर नवा, तरी गाडीत पाणी

प्रश्न : माझ्याकडे 1985 ची प्रीमियर पद्मिनी आहे. पुढच्या काचेचा रबर गेल्या वर्षी नवा बसवला. तरी पाऊस लागला की शेजारच्या सीटपुढं, पायाशी पाणी साचतं. गॅरेजमध्ये दोनदा सिलिकॉन मारून घेतलं, फरक नाही. मिरगाच्या आधी काय करावं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : पाणी जिथं टपकतं तिथूनच ते शिरतं असं नाही. वरच्या कोपऱ्यातून आलेलं पाणी रबराच्या खाचेतून वाहत येतं आणि खाली टपकतं. म्हणून आधी गळती शोधा. एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाईपची बारीक धार धरायची. खालच्या काठापासून सुरुवात, प्रत्येक बाजूला पाच मिनिटं, मग वर. वरून धार सोडली तर सगळी काच एकदम भिजते आणि काहीच कळत नाही. वायपरच्या दांड्याखालचे रबरी वॉशर तेव्हाच बघून घ्या. एवढ्याशा वॉशरपायी लोक अख्खी काच उतरवतात.

गळती काचेचीच निघाली तर संशय पत्र्यावर घ्या. रबर ज्या काठावर बसतो तो पत्रा खालच्या कोपऱ्यांत गंजतो, पापुद्रे फुगतात आणि रबर उचलला जातो. त्यावर आंबट वासाचं सिलिकॉन म्हणजे आगीत तेल. तो वास अॅसेटिक आम्लाचा. उघड्या पत्र्याला त्यानं गंज चढतो आणि उरलेल्या थरावर पुढं रंगही धरत नाही, दुसरं सीलंटही नाही.

काच काढताना जुना रबर वाचवू नका. रबराची काचेवर येणारी बाहेरची कड, म्हणजे ओठ, ब्लेडनं कापा आणि दोघांनी आतून तळहातानं काच बाहेर ढकला. पत्रा तारेच्या ब्रशनं चकचकीत करा. भोक पडलं असेल तर टिंकरकडून तुकडा वेल्ड करून घ्या. पुट्टी तिथं टिकत नाही. मग इपॉक्सी प्रायमर, वर रंग, आणि तो पूर्ण वाळेपर्यंत थांबा.

आता बसवणं. रबर अर्धा तास उन्हात ठेवला की मऊ पडतो. मीटरवर मिळणारा रबर घेतला असेल तर 10 ते 15 मिमी जास्त कापा, दाबून जोडा. जोड सरळ भागात हवा, कोपऱ्यात कधीच नको. रबर काचेला चढवून पत्र्याच्या खाचेत 4-5 मिमीची गुळगुळीत नायलॉन दोरी फिरवा, टोकं खाली मध्यावर एकमेकांवर वीतभर येऊ द्या. शांपूचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, रबर फुगतो. काच बाहेरून टेकवून एकानं तळहातानं दाबायची, दुसऱ्यानं आतून दोरी काचेच्या मध्याकडं ओढायची. दोरी निघेल तसा रबराचा आतला ओठ पत्र्यावर चढतो. कोपऱ्यावर घाई नको. ओठ मुडपला तर स्क्रूड्रायव्हर घालू नका. कडेला टवका उडाला की तडा हमखास. प्लॅस्टिकची पट्टी वापरा.

सीलंट काळं, न कडकणारं ब्यूटाइल घ्या. बाहेरचा ओठ उचलून काच-रबर आणि रबर-पत्रा अशा दोन्ही फटींत 3-4 मिमीची धार भरा. 300 मिलीची एक नळी पुरून उरते. संपली तर भरणाऱ्याचा हात सैल होता. आजकालच्या गाड्यांची काच चिकटवायचं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट इथं वापरू नका, पुढं काच काढताना फुटते.

प्रश्न : अॅम्बेसेडर एरवी वखारीत उभी असते, पण पावसात बाहेर काढली की दाराच्या आतून पाणी येऊन गालिचा भिजतो. काचेचा रबर बदलू का?
– निपाणी

उत्तर : उभ्या काचेवरून दारात पाणी जाणारच, ते तसंच बांधलेलं आहे. खालच्या कडेची भोकं ते बाहेर काढतात. लाल मातीनं ती बुजली असतील. 3 मिमी तारेनं मोकळी करा. मग आतली गादी काढून मागं प्लॅस्टिकचा कागद आहे का बघा. बहुतेक वेळा कुणीतरी फाडून टाकलेला असतो. जाड पॉलिथिन ब्यूटाइल टेपनं चिकटवा आणि खालची कड दाराच्या आत वळवा, म्हणजे पाणी दारातच पडेल. काचेलगतच्या पट्ट्या झिजल्या असतील तर त्या बदला, पण नंतर.

प्रश्न : जुन्या गाडीच्या मागच्या दाराची काच मिळत नाही. साधी काच कापून घालू?
– शहापूर, बेळगाव

उत्तर : नको. साधी काच फुटली की सुऱ्यांसारखे तुकडे होतात. दाराची काच टफन्ड (तापवून कणखर केलेली) हवी, आणि टफन केल्यावर ती कापता येत नाही, सबंध दाणेदार फुटते. काच सपाट असेल तर दुसऱ्या बाजूच्या काचेवरून प्लायवुडचा साचा काढून उलटा वापरा. कारखान्यात आधी काप, भोकं, कडा घासणं, मग टफनिंग. जाडी जुन्या काचेवरून मोजा. पुढची काच मात्र लॅमिनेटेडच (दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली) घ्या, कोपऱ्यात आयएस 2553 या भारतीय मानकाची खूण बघून. रंगीत काच हवी असेल तर पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आलाच पाहिजे.