स्पोर न धरणारा बॅसिलस: यात नोकरी आहे का?

प्रश्न : मुलगी टीवाय बीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे. जनुकबदल करून स्पोर न बनवणारे जिवाणू तयार करण्याच्या कामात जायचं म्हणते. यात नोकऱ्या असतात का, की सरळ डीएमएलटीला घालू? – एक पालक, सोलापूर

उत्तर : डीएमएलटीची (वैद्यकीय लॅब तंत्रज्ञाच्या पदविकेची) घाई नको. डिटर्जंटमधलं प्रोटिएज, स्टार्च उद्योगातलं अमायलेज ही एन्झाइम मुख्यतः बॅसिलस या जिवाणूकडूनच बनवून घेतात. अन्न संपलं की हा जिवाणू स्पोर, म्हणजे टणक सुप्त बीजाणू, धरतो. स्पोर 80 अंशांनाही मरत नाहीत. व्हॉल्व्हमध्ये, गॅस्केटखाली दडले की पुढची बॅच धोक्यात. म्हणून कंपन्यांना स्पोर न धरणारे स्ट्रेन (जिवाणूचे वाण) लागतात.

खरी मेख आहे ती कोणतं जनुक काढायचं यात. पुस्तकी उत्तर 'स्पो-झीरो-ए', कारण स्पोर बनणं तिथूनच सुरू होतं. पण ते काढलं की एबीआरबी हे इतर जनुकांना दाबून ठेवणारं प्रोटीन वाढतं, सबटिलिसिनचं (डिटर्जंटमधल्या प्रोटिएजचं) उत्पादन घटतं आणि पेशी बाहेरचा डीएनए नीट घेत नाही. म्हणजे पुढचे बदल अडले. त्यापेक्षा 'सिग-एफ' हे पुढच्या टप्प्यावरचं जनुक काढलेलं बरं. स्पोर थांबतात, बाकी कारभार चालू राहतो. आणि जनुक अख्खं काढावं. डीएनएच्या एकाच बेसचा (अक्षराचा) बदल उलटू शकतो.

तपासणीत भल्याभल्यांची फसगत होते. स्पोर धरायच्या माध्यमात 37 अंशांना 48 तास वाढवायचं, 80 अंशांना 20 मिनिटं तापवायचं, मग प्लेटवर पसरायचं. मूळ स्ट्रेनचे मिलिलिटरमागे कोट्यवधी स्पोर मिळतात, बदललेल्याचा एकही नको. दोन-चार वसाहती दिसल्याच, तर आधी नळी बघावी : गरम पाण्याबाहेर राहिलेल्या काचेवरच्या पेशी पुरेशा तापतच नाहीत. नाहीतर टेबलावरचा मूळ स्ट्रेन शिरलेला असतो, पीसीआरने (डीएनए तपासणीने) कळतं. असे स्ट्रेन फ्रिजमधल्या प्लेटवर टिकत नाहीत, ग्लिसरॉल घालून उणे 80 लाच ठेवावे लागतात.

बीएस्सीवर हे काम मिळणार नाही. एमएस्सी बायोटेकसाठी गॅट-बी आणि आयआयटी जॅम, या दोन्ही प्रवेश परीक्षा द्यायला सांगा. कॉलेज निवडताना नाव नंतर. प्रबंधाला क्लोनिंग स्वतःच्या हाताने करायला मिळतं का, आणि जनुकबदल केलेल्या जिवांबाबतच्या 1989 च्या नियमांप्रमाणे जैवसुरक्षा समिती आहे का, ते आधी विचारा. एन्झाइम कंपन्या ठाण्यात आहेत, बंगळुरूतही. पुण्यात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. स्ट्रेन घडवण्याच्या जागा मोजक्याच आणि बऱ्याचदा पीएचडी मागतात. फर्मेंटेशन आणि क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) मात्र एमएस्सीवर शिरकाव होतो. मुलीने तिथून सुरुवात करायला हरकत नाही.