‘स्पाऊस’ म्हणजे पती, पत्नी की जोडीदार?

प्रश्न सांगलीहून आला आहे. विचारणाऱ्या ताई एका करसल्लागाराच्या कार्यालयात काम करतात. एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडप्यांना आयकरात काय मिळतं आणि काय मिळत नाही, याचं एक मराठी टिपण त्या अशिलांसाठी तयार करताहेत आणि दोन शब्दांपाशी अडल्या आहेत. त्या लिहितात, “‘स्पाऊस’ला पती/पत्नी म्हणू की जोडीदार? आणि ‘पार्टनर’ला आमचे साहेब भागीदार करा म्हणतात. ते चालेल का?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: भागीदार नको. करसल्लागाराच्या टेबलावर तर मुळीच नको. तिथे भागीदार म्हटलं की १९३२ चा भागीदारी कायदा आला, नफ्यातोट्याचे हिस्से आले आणि संस्थेचं वेगळं विवरणपत्र आलं. तुमचे अशील दोघं मिळून हळदीची अडत चालवत असतील तर जरूर भागीदार लिहा. ‘साथीदार’ पोलिसांच्या बातम्यांनी पार नासवला, तो आता चोराचाच असतो. ‘सहचर’ चांगला आहे, पण पुस्तकी. राहता राहिला ‘जोडीदार’. ‘दार’ हा फारसी प्रत्यय आपल्याकडे इनामदारापासून दुकानदारापर्यंत सगळीकडे रुळलेला. शब्द एकच, आणि ‘माझा जोडीदार’ म्हणा नाहीतर ‘माझी जोडीदार’, दोन्ही कानाला खटकत नाही. (आमच्याकडे तालमीत ‘जोड’ म्हणजे ज्याच्याशी कुस्ती लावायची तो. संसारात फार वेगळं असतं असं नाही.)

पहिला प्रश्न मात्र नुसता कोशाचा नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात ‘स्पाऊस’ हा शब्द ठिकठिकाणी येतो, पण त्याची व्याख्या कुठेच दिलेली नाही. आपण मराठीत ‘पती/पत्नी’ लिहितो तेव्हाही वाचणाऱ्याच्या मनात पुरुषाची पत्नी आणि स्त्रीचा पती हेच येतं. शब्दश: पाहिलं तर मधल्या तिरक्या रेघेनं कोणाला काय असावं हे सांगितलेलं नसतं, पुरुषाचा पतीही त्यात बसतो. पण तसं कोणी वाचत नाही. मुळात उघडा असलेला शब्द अनुवादात असा अर्धा मिटतो.

आणि तो मिटला तर काय जातं, ते नात्यांच्या यादीत दिसतं. कलम ५६(२)(एक्स) म्हणतं की वर्षभरात पन्नास हजारांहून जास्त रक्कम फुकट मिळाली, तर ती सगळीच्या सगळी घेणाऱ्याचं उत्पन्न. नातेवाइकांकडून मिळाली तर मात्र कर नाही. नातेवाईक कोण, याची इंग्रजी यादी ‘आईवडिलांचे भाऊबहीण’, ‘स्पाऊसचे भाऊबहीण’, ‘त्यांचे स्पाऊस’ अशी आडवळणानं जाते. तीच मराठीत आणली की घर भरून जातं: काका, आत्या, मामा, मावशी, काकू, मामी, दीर, नणंद, मेहुणा, मेहुणी, जाऊ, साडू. हो, साडूसुद्धा. साडूनं तुम्हाला पाच लाख दिले तर आयकर खातं त्यावर कर मागत नाही. चुलतभावाला यादीत जागा नाही, हे आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांना चमत्कारिक वाटेल. पण साडूला आहे. आता पंधरा वर्षं एका छताखाली राहणाऱ्या दोन पुरुषांपैकी एकानं दुसऱ्याला तेच पाच लाख दिले, तर ते ‘इतर उत्पन्न’. ही अर्धी सोयरीक ‘स्पाऊस’ या एका शब्दाला लटकलेली आहे. तो नाही म्हटल्यावर दीर नाही, नणंद नाही, साडूही नाही.

बक्षीसपत्राचं तसंच. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवऱ्यानं बायकोला बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये. परक्याला दिली तर खरेदीखताच्या दरानं. म्हणजे विश्रामबागेतली चाळीस लाखांची सदनिका जोडीदाराच्या नावावर करायची, तर इकडे पूर्ण शुल्क आणि तिकडे चाळीस लाख घेणाऱ्याच्या उत्पन्नात. कायद्याच्या मराठीत तो ‘परका’, बस्स.

न्याय म्हणून एक उलटी बाजूही टिपणात लिहा. नवऱ्यानं बायकोला पैसे देऊन तिच्या नावे ठेव ठेवली, तर व्याज कलम ६४ प्रमाणे नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. अविवाहित जोडप्यांमागे हा ससेमिरा नाही. पण आरोग्यविम्याच्या हप्त्यावर कलम ८०डी ची वजावट घेताना पुन्हा तोच ‘स्पाऊस’ आडवा येतो. (इथले आकडे १९६१ च्या कायद्याचे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे आकडे वेगळे. टिपणात दोन्ही द्यावेत.)

हा शब्द खुद्द न्यायालयातही अडकला आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ ऐवजी ‘व्यक्ती’, आणि ‘पती’ ‘पत्नी’ ऐवजी ‘स्पाऊस’ असं वाचावं, ही समलिंगी लग्नाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढची एक मुख्य मागणी होती. शब्दचर्चाच म्हणायची, फक्त पाच न्यायमूर्तींपुढे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाचही जणांनी सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि कायद्यात असे शब्द घालणं आमचं काम नाही, ते संसदेचं. लग्नाऐवजी निदान नागरी बंधनाला (‘सिव्हिल युनियन’ला) मान्यता द्यावी का, यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली आणि तेही नाकारलं गेलं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. त्यानंतर ऑगस्टमध्ये एका समलिंगी जोडप्यानं मुंबई उच्च न्यायालयात फक्त भेटीवरच्या कराचा मुद्दा नेला: ‘स्पाऊस’ आम्हाला वगळत असेल तर तेवढ्यापुरतं ते घटनाबाह्य ठरवा. न्यायालयानं ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. मला ही मागणी बिनतोड वाटते. कर घेताना खातं कोणाशी संसार करता असं विचारत नाही. सवलतीच्या रकान्यातच ते का विचारावं?

आता कोणी म्हणेल, जोडीदार वगैरे ही नवी फॅशन, मराठीत नवरा आणि बायको हेच शब्द. तसं नाही. साताऱ्याकडच्या जुन्या माणसांचं बोलणं आठवा. “आमचं कुटुंब माहेरी गेलंय.” “मंडळी येतील उद्या.” इथे कुटुंब म्हणजे बायको आणि शब्द नपुंसकलिंगी; मंडळी म्हणजेही बायकोच, एकटी. नाव न घेण्याच्या रीतीतून हे आलं खरं, पण संसारातल्या माणसाला लिंग न सांगणारा शब्द वापरायला मराठीला कधी जड गेलं नाही. बायका नवऱ्याला ‘कारभारी’ म्हणत, ‘मालक’ म्हणत. मालकात समता कुठली, ते सोडून देऊ.

‘दंपती’ तर पाहण्यासारखा आहे. ‘दम’ म्हणजे घर, ‘पती’ म्हणजे धनी. ऋग्वेदात एकवचनी ‘दंपति’ हा नुसता गृहस्वामी आहे, आणि द्विवचनात घराचे दोघं धनी. शब्दाच्या घटकांत बायको कुठेच नाही, दोन्हीकडे पतीच. मग पाणिनीय परंपरेनं ‘जाया’ला, म्हणजे बायकोला, जागा करून देण्यासाठी ‘जाया आणि पती’ असा समास सांगितला, ‘जम्पती’ हे रूपही दिलं. व्युत्पत्तीवरून हक्क मिळत नसतात, हे मान्य. पण ‘दांपत्य म्हणजे स्त्री-पुरुषच, शब्दातच आहे’ असं कोणी ऐकवलं, तर त्यांना हे जरूर ऐकवा.

त्याच न्यायानं मला ‘समान विवाहहक्क’पेक्षा ‘लग्नाचा समान हक्क’ बरा वाटतो. विवाहातला ‘वह्’ धातू वधूला वाहून नेण्याचा. लग्न म्हणजे नुसतं लागलेलं, जडलेलं. ‘दोनाचे चार हात’ यातही हात कोणाचे ते सांगितलेलं नाही. आणि हातांवरून आठवलं, संस्कृतात ‘करग्रहण’ म्हणजे लग्नात हात धरणं आणि राजानं कर वसूल करणंही. तुमच्या अशिलांच्या बाबतीत सरकारला यातला एकच अर्थ ठाऊक आहे.

असो. टिपणात असं करा: कायद्याचं मूळ कलम सांगताना ‘विवाहित जोडीदार (कायद्यातील शब्द: स्पाऊस)’ लिहा, कारण आज सवलत लग्नालाच आहे आणि ते झाकून अशिलाची फसगत होईल. तुमच्या अशिलांविषयी बोलताना नुसतं ‘जोडीदार’. ‘समलैंगिक’पेक्षा ‘समलिंगी’ ठेवा, तेच मराठी वळण. आणि तृतीयपंथी ही वेगळी ओळख आहे, त्यांना या शब्दात कोंबू नका. बँकेच्या अर्जावर नामनिर्देशिताशी ‘नाते’ विचारतात तिथे बरेच जण घाबरून ‘मित्र’ लिहितात. अर्थ मंत्रालयानं २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केलंय की समलिंगी व्यक्तींना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराचं नामनिर्देशन करायला कुठलीही आडकाठी नाही. तिथे ‘जोडीदार’ लिहायला सांगा.